जिभेवर राहिलेला रंग

मैत्रिणीला मी शाई पाठवली ती काचेच्या एका लहानशा कुपीत. पाच मिलिलिटर असेल जेमतेम. झाकणाभोवती चिकटपट्टीचे दोन वेढे, वरून पिशवी, पिशवीभोवती कापूस. तिनंच मागितली होती. त्याआधी मी तिला चार पानांचं पत्र लिहिलं होतं, आणि ते पोचल्यावर आलेल्या फोनवर तिचं पहिलं वाक्य मजकुराबद्दल नव्हतंच. "अगं, ही कुठली शाई?" विकतची नाही, मीच केलीय, असं सांगताना माझा आवाज नक्की चढला असणार. पंधरा दिवसांनी तिचं उत्तर आलं, त्याच शाईत लिहिलेलं. पाकीट फोडलं, घडी उलगडली आणि पहिली ओळ वाचायच्या आधीच मी थांबले. ही माझी शाई नव्हती.

रंग वाईट होता असं अजिबात नाही. एरवी कुणी दाखवला असता तर आवडला असता. पण माझ्या पत्राचा रंग निळा-राखी होता, दिवेलागणीच्या जरा आधी भरल्या आभाळाला येतो तसा, आणि त्याच्या आत कुठेतरी जांभळ्याची सावली होती. रोखून पाहिलं तर न दिसणारी, नजर जराशी हलली की जाणवणारी. मैत्रिणीच्या पत्रात ती सावलीच गायब होती. उलट निळ्याच्या अंगावर हिरवट झाक होती, साठून राहिलेल्या पाण्याला येते तशी. तिनंही शेवटी लिहिलं होतं, "तुझ्या पत्रासारखी गहिरी वाटत नाही गं, माझा कागद वेगळा म्हणून असेल." कागदानं फरक पडतो, हे खरंच. शोषून घेणाऱ्या कागदात शाई खोल उतरते आणि फिकी, सपाट दिसते. गुळगुळीत कागदावर ती वरच वाळते, अक्षराच्या वळणावर साचते आणि तिथे गडद होते. पण कागद रंग दडपतो, हिरवा रंग घालत नाही. दोन दिवस ते पत्र टेबलावर उघडंच होतं आणि येता-जाता माझी नजर त्याच्यावर पडत होती.

माझ्याकडे एक वही आहे. प्रत्येक मिश्रणासाठी तिच्यात अर्धं पान: कापसाच्या काडीनं ओढलेला एक पट्टा, काचेच्या टाकानं लिहिलेल्या दोन ओळी आणि शेजारी थेंबांचा हिशेब. या शाईच्या पानावर लिहिलं होतं: निळी 12, मोरपंखी 5, तपकिरी 2. थेंब मोजण्यात चूक होत नाही, कारण मी सिरिंज वापरते आणि सगळ्या शायांना एकाच जाडीची सुई. ड्रॉपर बदलला की थेंबाचा आकार बदलतो. ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळेपर्यंतच्या सगळ्या नोंदी मी खोडून टाकल्या आहेत. म्हणजे हिशेब बरोबर होता. कुपीत भरलेली शाई त्याच बाटलीतली होती. मग रंग गेला कुठे?

शाई कशाला मिसळायची, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. बाजारात आज शेकडो छटा मिळतात, त्यात एक आवडत नाही का? आवडतात. पण आवडलेल्या शाईत पाचव्या-सहाव्या पानावर काहीतरी टोचायला लागतं. निळी असेल तर ती जरा जास्तच निळी असते. दुकानातल्या शाया बहुतेक लख्ख असतात, पट्टा ओढून दाखवला की लगेच डोळ्यात भराव्यात अशा. आणि पट्ट्यावर भरणारा रंग पानभर अक्षरांत वाचताना थकवतो. अशा निळ्यात नारिंगीचा किंवा तपकिरीचा एक थेंब टाकून बघावा. विरुद्ध रंग एकमेकांना शमवतात. निळी निळीच राहते, पण तिचा चढलेला आवाज खाली येतो आणि ती बोलल्यासारखी बोलू लागते. दोन थेंब टाकले की राखीकडे झुकते. तिसरा पडला की चिखल. हे सगळं त्या एका थेंबाच्या अलीकडे-पलीकडे घडतं, आणि मला वाटतं, सगळी ओढ आहे ती त्या काठाचीच.

मामानं मला हे पहिल्यांदा दाखवलं. त्याच्या टेबलाच्या खणात शाईच्या दोन दौती असत, निळी आणि लाल, आणि एक ड्रॉपर, ज्याचं रबर चिरलेलं होतं, त्यामुळे तो शाई ओढायचा कमी आणि गाळायचा जास्त. मी सात-आठ वर्षांची असेन. निळी आणि लाल मिळून जांभळी होते हे मी चित्रकलेच्या तासाला शिकले होते आणि मला फुलासारखी जांभळी हवी होती. मी दौतीच्या झाकणात निळी ओतली, वरून लाल. झालं ते विटकरीच्या आणि काळ्याच्या मधलं काहीतरी. मी रडवेली झाले होते. मामा रागावला नाही. त्यानं ते झाकण तसंच बाजूला ठेवलं, दुसरं झाकण पुसून घेतलं आणि म्हणाला, "आधी लाल घे. निळी थेंबाथेंबानं." फिकी आधी, गडद नंतर. वीस थेंब पिवळीत एक थेंब निळी टाकली तर सगळंच बदलतं. वीस थेंब निळीत एक थेंब पिवळी टाकली तर कुणाला पत्ताही लागत नाही. आणि टाकलेला थेंब काढून घेता येत नाही. चुकलं तर बाकीचं सगळं वाढवत न्यायचं, एवढा एकच उपाय. म्हणून दोन मिलिलिटर करायला बसलेल्या माणसाकडे संध्याकाळपर्यंत अर्धी बाटली शाई होते.

त्या दिवशी झालेली जांभळी मात्र फुलासारखी होती. मी शाळेचं वेळापत्रक तिनं लिहिलं आणि कपाटाच्या दारावर चिकटवलं, खिडकीसमोर. ते दार कित्येक वर्षं तसंच होतं. मोठेपणी एकदा ते काढायला गेले तेव्हा सगळी अक्षरं निळी होती, मळकट निळी. फक्त ज्या कोपऱ्यावर कपाटाच्या चौकटीची सावली पडायची तिथले दोन शब्द अजून जांभळे होते. लाल उडून गेली होती. लाल शायांमध्ये इओसिन हा रंग पुष्कळ वापरला गेला आहे आणि तो उजेडात टिकत नाही. व्हॅन गॉगनं 1888 च्या ऑक्टोबरात आर्लमधल्या आपल्या खोलीचं चित्र काढलं आणि भावाला लिहिलेल्या पत्रात भिंती फिकट जांभळ्या असल्याचं सांगितलं. आज आपण त्या भिंती निळ्या बघतो, कारण त्यातला लाल विरून गेला आहे. हे वाचलं तेव्हा मला त्या चित्रापेक्षा आधी कपाटाचं दार आठवलं होतं. मिश्रणातले रंग एका चालीनं म्हातारे होत नाहीत. एक आधी जातो, दुसरा मागे उरतो, आणि उरलेल्याकडे बघून तो एकटाच होता असं वाटतं.

पण मैत्रिणीच्या पत्राला पंधराच दिवस झाले होते आणि ते पाकिटात बंद होतं. उजेडाचा काही संबंध नव्हता.

दुसरा संशय मला रासायनिक अभिक्रियेचा आला. शाया एकमेकींत मिसळल्या की नुसते रंग मिसळत नाहीत. साधी फाउंटन पेनची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेले रंग. सोबत ती निबेतून नीट वाहावी म्हणून काही आणि तिला बुरशी लागू नये म्हणून काही. काही शाया आम्लधर्मी असतात, काही अल्कधर्मी. दोन्ही एकत्र आल्या की एखादीतला रंग विरघळलेल्या अवस्थेत राहू शकत नाही आणि तळाशी साका बसतो. रंगद्रव्याच्या शाया आणखी वेगळ्या. त्यात बारीक कण तरंगत असतात आणि ते दुसऱ्या शाईत गेले की एकमेकांना चिकटून गठ्ठे होण्याची भीती असते. मायफळासारख्या वनस्पतिजन्य पदार्थांतलं टॅनिन आणि लोखंडाचा क्षार यांची जुनी शाई तर स्वतःच सतत बदलत असते. लिहिताना ती इतकी फिकी असते की आपण काय लिहितोय ते दिसावं म्हणून तिच्यात निळा रंग घालतात; मग हवा लागली की लोखंडाचं रूप पालटतं आणि अक्षर काळं होत जातं. निळी-काळी हे नाव आलं ते त्यामुळे. ती आम्लातच सुखी असते. एकदा मला तिच्या त्या काळ्यात थोडा ऊबदारपणा हवा होता, म्हणून मी तिच्यात दुसरी एक चॉकलेटी शाई घातली आणि वाट न बघता सरळ पेनात भरली. सकाळी पेन लिहीना. कन्व्हर्टरच्या, म्हणजे पेनात शाई ओढून साठवणाऱ्या नळीच्या, भिंतीला काळपट चोथा चिकटला होता. ते पेन मामाचं होतं. तीन आठवडे मी ते रोज पाण्यात भिजवत होते, आणि निबेतून पहिली स्वच्छ रेघ उमटली त्या दिवशी मला खाली बसावं लागलं.

तेव्हापासून नियम पाळते. मिश्रण पेनात करायचं नाही. कुपीत करायचं, हलवायचं, आठवडाभर उभं ठेवायचं आणि मग उजेडासमोर तिरकं करून तळ बघायचा. शक्यतो एकाच कंपनीच्या, एकाच मालिकेतल्या शाया घ्यायच्या. प्लॅटिनम या जपानी कंपनीच्या 9 रंगांच्या शाया तर एकमेकींत मिसळण्यासाठीच केलेल्या आहेत, पातळ करण्यासाठी वेगळा द्राव सोबत. पातळ करायला नळाचं पाणी नको, ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) हवं, आणि तेही बेतानं, कारण पाणी वाढलं की बुरशीरोधक विरळ होतं आणि काही महिन्यांनी कुपीत पांढरट तंतू तरंगताना दिसतो. तो दिसला की शाई फेकून द्यायची. गाळून वापरू नये, कितीही जीव गुंतलेला असला तरी. या शाईचा तळ मी बघितला होता. स्वच्छ होता.

मग मी टीपकागदाकडे वळले. टीपकागदाची पट्टी कापायची, खालच्या टोकाच्या थोडं वर शाईचा ठिपका द्यायचा, आणि टोक पाण्यात बुडेल पण ठिपका बुडणार नाही अशी ती पट्टी पेल्यात उभी करायची. पाणी कागदातून वर चढतं, ठिपक्यातल्या रंगांना सोबत घेतं, आणि जो रंग कागदाला कमी धरून राहतो तो पुढे जातो. दहा मिनिटांत एका ठिपक्याचे पट्टे होतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यानं पानांतले रंग खडूच्या भुकटीतून असेच वेगळे केले आणि 1906 मध्ये या रीतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. त्याच्या आडनावाचा रशियन अर्थच 'रंग' आहे, आणि ही गोष्ट मला दर वेळी नव्यानं आवडते. काळी क्विंक अशी उभी करून बघावी. 1931 मध्ये पार्करनं बाजारात आणलेली ही शाई, 'क्विक' आणि 'इंक' जोडून नाव ठेवलेलं. तिच्या काळ्यातून निळा निघतो आणि त्याच्या मागे पिवळसर तपकिरी. जिला आपण एक शाई म्हणतो ती कुणीतरी आधीच केलेलं मिश्रण असते. मी कुपीतल्या माझ्या शाईची पट्टी उभी केली. सगळ्यांच्या पुढे मोरपंखी, मागे निळी, आणि अगदी खाली, ठिपक्याच्या जागेजवळ, तपकिरी. तीन घातले होते, तीनच ओळखता आले. जांभळ्याचा मागमूस नव्हता.

जांभळी सावली शाईत नव्हतीच. मग मी पाहिली कुठे? मला क्षणभर अशी शंका आली की ती मी कल्पनेनं घातली, पत्र लिहिताना मन भरून आलं होतं म्हणून. माझं पत्र तर तिच्याकडे. पण त्याचा कच्चा मजकूर मी रोजनिशीत लिहिला होता, त्याच पेनानं, त्याच रात्री. रोजनिशी काढली. सावली होती. स्वच्छ दिसत होती. मी ती वही आणि मिश्रणांची वही शेजारी शेजारी ठेवल्या आणि तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं: मिश्रणांच्या वहीतला पट्टा रोजनिशीसारखा नव्हता, मैत्रिणीच्या पत्रासारखा होता. त्यात ती हिरवट झाक होती, तिच्या पत्रातल्याहून जराशी कमी. म्हणजे तिला दिलेली शाईच खरी होती. माझ्याच पत्रात काहीतरी वेगळं होतं.

रोजनिशीची पुढची पानं उलटत गेले. त्या रात्रीचं पान गहिरं. दुसऱ्या दिवशीचं किंचित कमी. तिसऱ्या दिवशीच्या पानात सावली शोधावी लागत होती आणि पाचव्या दिवशी अक्षरं त्या पट्ट्याच्या रंगाची झाली होती. रोज लिहीत होते, एकाच पेनानं, एकाच भरण्यात, आणि मला एकदाही कळलं नव्हतं. कालच्या पानाशी आजचं पान जुळत होतं, एवढं पुरे वाटत होतं.

पेन घेतलं आणि मोरीत गेले. उरलेली शाई काढून टाकली, तीन-चार पाणी भरून सोडली, पाणी स्वच्छ यायला लागलं. एरवी मी इथेच थांबते. या वेळी निब खाली करून पेन पाण्याच्या पेल्यात रात्रभर उभं ठेवलं. निबेखाली जी काळी जीभ असते, शाई निबेपर्यंत आणणारी, तिला बारीक बारीक कंगव्यासारखे दाते असतात. हातातल्या उबेनं पेनातली हवा फुगून शाई जास्त खाली आली तर ती त्या दात्यांमध्ये थांबते, म्हणून पानावर डाग पडत नाही. त्या फटींमध्ये शाई अशी धरलेली असते की नुसत्या पाणी ओढण्या-सोडण्यानं ती सगळी निघत नाही. सकाळी पेल्याच्या तळाशी एक पातळ थर होता. वरचं पाणी निर्मळ, आणि तळाशी, हलवलं की धाग्यासारखा वर येणारा, वांगी रंग.

या पेनात आधी वांगी शाई होती. सबंध हिवाळाभर होती. मी ते तीनदा धुतलं होतं आणि नवी शाई भरली होती, आणि कोरं पेन घेऊन बसलेय अशा समजुतीनं पत्र लिहायला घेतलं होतं. जिभेवर जेवढी उरली होती तेवढी पहिल्या काही पानांत मिसळत मिसळत उतरली. मैत्रिणीला जो रंग आवडला तो मी केलाच नव्हता. म्हणजे अर्धाच केला होता.

नंतरचा आठवडा मी त्या वांगी शाईच्या मागे घालवला. निळी 12, मोरपंखी 5, तपकिरी 2, वांगी 1: फार तांबूस. मग वांगीचा एक थेंब नऊ थेंब पाण्यात मिसळून त्यातले पाच घातले, मग तीन, मग चार. चारवर ती सावली आली. खिडकीजवळ नेऊन बघितली, दिव्याखाली बघितली, वाळू दिली आणि पुन्हा बघितली. अगदी तीच होती. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण त्यात काहीतरी कमी पडत होतं आणि ते काय हे लिहायला बसेपर्यंत कळेना. या शाईनं लिहिलेलं चौथं पान पहिल्यासारखंच होतं. आठवंही. रंग कुठे जात नव्हता. रोजनिशीतल्या त्या पाच दिवसांत तो चालत होता, एका शाईकडून दुसऱ्या शाईकडे निघालेला, आणि मी जी छटा धरून बसले होते ती वाटेतली होती.

रात्री मैत्रिणीला फोन केला. माझं पत्र जवळ आहे का, म्हटलं, पहिलं पान आणि चौथं पान शेजारी धरून बघ. खणाचा आवाज, कागदांचा आवाज. मग काही वेळ कसलाच आवाज नाही.

"अगं, हो की," ती म्हणाली. "पहिलं जास्त जांभळं आहे. मी इतक्यांदा वाचलंय हे, मला कसं नाही दिसलं?"

मी तिला सगळं सांगितलं, जिभेचं, पेल्याचं, वांगी धाग्याचं. तिनं मधेच थांबवलं. तिच्या पेनात आधी हिरवी शाई होती, म्हणाली. गडद हिरवी, वर्षभर ती त्याच शाईनं लिहीत होती. दोनदा धुतलं होतं पेन. मी तिचं पत्र दिव्याखाली घेतलं. आता माहीत होतं म्हणून असेल, पण वरच्या ओळी खालच्या ओळींपेक्षा हिरव्या दिसल्या, आणि 'प्रिय'मधला 'प्रि' सगळ्यांत जास्त.

मिश्रणांच्या वहीत त्या पानावर मी तपकिरी 2 च्या खाली एक ओळ वाढवली: पेनात आधी वांगी, तीनदा धुतलेली. चार थेंबांच्या नव्या शाईला वेगळं पान दिलं.

"मग मी आता पेन नीट धुऊ का?" मैत्रीण विचारत होती. "रात्रभर भिजवून वगैरे?"

"नको," मी म्हटलं. "वांगी पाठवते थोडी. तशीच भर, आणि पहिलं पान मला लिही."